करंगळीची मुरकी

गुरुवारी संध्याकाळी आमची ऑफिसची कॅब बेळ्ळंदूरच्या सिग्नलला नेहमीसारखी रुतून बसलेली असताना अण्णानं मला फोनवर गिटारचा एक तुकडा पाठवला. नुसता आवाज. व्हिडिओ नाही, खाली एक ओळ नाही, 'कशी आहेस गे' नाही. मुकुलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पन्नासाव्या वाढदिवसापासून आम्हा भावाबहिणीत अबोला होता. धरलेला मीच, अण्णाला अबोला धरता येत नाही, तो जन्मापासूनच गप्प आहे. दिवाळीनंतरची गोष्ट. घरभर माणसं बोलावलेली, सगळ्यांना मी तोऱ्यात सांगून ठेवलेलं की माझा भाऊ वाजवणार आहे, आणि हा बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, येलहंक्याहून, दोन तास गाडीत बसून हात हलवत आला. गिटार कुठाय? तर म्हणे दुरुस्तीला दिलीय. ज्या माणसानं आपल्या गिटारीची खुंटी आजवर माझ्याशिवाय कुणाला पिळू दिली नाही, तो दुरुस्तीला देतो! खोटं बोलायचं तर निदान जरा मन लावून बोलावं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "राहू दे, साहेबांचा मूड नाही." तो जेवला, 'येतो' म्हणाला आणि गेला. मग ना त्याचा फोन ना माझा. संक्रांतीला वीणावहिनीनं एळ्ळू-बेल्लाचा, म्हणजे तिळगुळाचा, डबा कुणाच्या तरी हाती पाठवून दिला, तो मी खाल्ला, पण गोड बोलायचं काही मनावर घेतलं नाही.

राग होता तो होताच, पण त्याच्याखाली भीती होती. आईबाबा गेले. मुकुल पुण्याचा; त्याचं मराठी वेगळं, माझं वेगळं. मी 'होय की' म्हटलं की त्याला वीस वर्षांनंतरही हसू येतं. एवढ्या मोठ्या बेंगळुरात आमच्या घरातलं, निपाणीकडचं, मधेच कानडीत घुसणारं बोलणं माझ्याशी बोलणारं एकच माणूस उरलेलं, आणि ते आता बोलत नव्हतं. मला 'पवे' म्हणणारं दुसरं कुणी नाही. पवित्रा मॅडम म्हणणारे पुष्कळ आहेत. तेव्हा त्या तुकड्यावर बोट ठेवताना मला बरं वाटलं हे कबूल करते, आणि दोन ओळी ऐकल्यावर तर मी कॅबमध्ये मोठ्यानं हसले. चाल ओळखीची होती, आई दिवा लावताना म्हणायची ती, अर्धी मराठी अर्धी कानडी. पण तारा जागेवर नव्हत्या. सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा खाली उतरलेली आणि वरचे सूर एकमेकांत असे मिसळून वाजत होते की साध्या लावलेल्या गिटारीवर ते शक्यच नाही. म्हणजे अण्णानं खेळ मांडला होता. मिटवायचं म्हणत होता, पण तोंडानं नाही. ओळ संपते तिथं मात्र मला काहीतरी खटकलं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पण तेवढ्यात सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले, आणि मी ते फोनच्या रेकॉर्डिंगवर ढकललं.

हा खेळ आमच्या लहानपणीच्या, जयनगरच्या घरातला. बाबांच्या कारखान्यातला एक अँग्लो-इंडियन फोरमन ऑस्ट्रेलियाला जाताना आपली गिटार आमच्याकडे टाकून गेला तेव्हा अण्णा सोळाचा आणि मी आठाची. शिकवणारं कुणी नव्हतं, शिकायचं ते कानानं. अण्णा आतल्या खोलीत दार लावून बसायचा, खुंट्या पिळून तारा भलत्याच सुरांत लावायचा आणि काहीतरी वाजवायचा. मी बाहेर पायरीवर. मग तो सगळ्या तारा सैल सोडून गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवायचा, आणि मी नुसत्या आठवणीवर त्या परत तशाच लावायच्या. नियम दोनच. वाजवणाऱ्याचा हात दिसायचा नाही, कारण हात दिसला की डोळे ऐकायला लागतात, असं अण्णाचं म्हणणं. आणि जमलं नाही तर 'हरले' म्हणायचं. म्हटलं की हरणाऱ्यानं आठवडाभर नळाचं पाणी भरायचं. मी कधी म्हटलं नाही. रडले, जेवायला उठले नाही, पण तोंडातून एकच, "अजून नाही." मग अण्णा कंटाळून म्हणायचा, सरी, म्हणजे ठीक आहे, उद्या बघू. पाणी तोच भरायचा. मोकळी तार लांब बोलते आणि दाबलेली तार तोंड आवरून बोलते, हे मी त्या पायरीवर शिकले. आणखी एक शिकले. शंभर माणसांत अण्णाची गिटार ओळखायची असेल तर ओळीच्या शेवटाकडे कान द्यायचा. आई त्या चालीत ओळ संपताना एक एवढीशी मुरकी घ्यायची. अण्णानं ती करंगळीत उचलली होती. कुठलंही गाणं असो, हिंदी, कानडी, चर्चमधलं, शेवटी त्याची करंगळी तारेवर टपकन् पडून उठायचीच. बाबा म्हणायचे, मीठ घातल्याशिवाय ह्याला पान वाढता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. सकाळी मीटिंगा सुरू व्हायच्या आधी बाल्कनीत बसायचं, एका कानात इअरफोन आणि मांडीवर माझी स्वतःची गिटार. जाड तार आधी. ती सापडली की घराचं जोतं सापडलं. मग त्याच्यावरची, मग त्याच्यावरची. खालच्या तीन तारा मला लगेच मिळाल्या. आईच्या चालीचा सा धरला तर त्या सा, प, सा अशा बोलत होत्या. सगळ्यात वरची बारीक तारही सा. मधल्या दोन उरल्या, आणि मी फार विचार न करता त्या ग आणि प अशा लावल्या, कारण तशी गिटार पुष्कळ लोक लावतात आणि अण्णाही पूर्वी लावायचा. चाल वाजायला लागली. अडचण एकच होती. प आणि ध हे दोन सूर त्याच्या वाजवण्यात एकमेकांवर रेंगाळत होते, आणि माझ्या लावण्यात ध मिळवायचा तर पहिलं बोट मागे अडकवून करंगळी पार गिटारीच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर ताणावी लागत होती. माझी पोचायची, पण मनगटात कळ यायची. मला अण्णाचं कौतुक वाटलं. चौपन्नाचा झाला, केस पिकले, आणि पठ्ठ्याची करंगळी बघा. तेव्हा मी अबोला मोडला. त्याला आवाजी निरोप पाठवला. "काय हो अण्णासाहेब, दुरुस्तीहून आली वाटतं गिटार! तारा सापडत आल्यात हं. आणि करंगळी अजून भलतीच तेज आहे तुझी, माझी तर तुटायची वेळ आली." त्यावर दिवसभर काही नाही. संध्याकाळी उत्तर आलं, एकच शब्द: सरी. मी म्हटलं, असो, बोलला तरी.

मुकुलला ह्या सगळ्याची मजा वाटत होती. "तुमचं भावंडांचं काहीतरी वेगळंच ऑलिंपिक असतं," तो इस्त्री करता करता म्हणाला. "सिंपल आहे ना. फोन कर आणि विचार, बाबा रे, ट्यूनिंग काय आहे. टू मिनिट्स." मी म्हटलं, "तुला बुद्धिबळातसुद्धा समोरच्याला विचारायचं असतं काय, राजा कुठं ठेवू म्हणून?" तो हसला आणि म्हणाला, "बरं, पण तू खूश आहेस. गुड." खूश होते, खरंच. ऑफिसात कुणी काही बोलत असलं तरी कानात ती चाल चालू. पण त्याच चालीनं मला हळूहळू छळायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत एका जागी खालचा सूर बदलतो. तिथं माझा हात पाचव्या पट्टीवरून उचलून खाली आणावा लागतो, आणि हात उचलला की ध तुटतो. दाबलेला सूर बोट उठलं की मेलाच. अण्णाचा तुटत नव्हता. खालचा सूर बदलला, त्याच्यानंतरचा आला, तरी तो ध आपला शांतपणे वाजतच होता. मी दहादा ऐकलं. शेवटी मान्य करावं लागलं की तो ध दाबलेला नाही, ती मोकळी तार आहे. पण ध मध्ये तार कोण लावतं? तंबोरा लावणारा नाही, गिटारवाला तर नाहीच. आणि मग माझ्या लक्षात आलं की गिटारीची बारीककडून दुसरी तार ह्या सा-च्या हिशेबात मुळात ध-च असते. त्यानं ती हलवलीच नव्हती. मीच शहाणपणा करून हलवली होती. प होता तिच्या खालच्या तारेवर, तिसऱ्या. म्हणजे प आणि ध शेजारी शेजारी, दोन जावांनी एकाच ओट्यावर स्वयंपाक करावा तसे. अशी गिटार मी कधी बघितली नव्हती. चाल वर चढायची तर पट्ट्यांवर धावायला नको, नुसतं एका तारेवरून शेजारच्या तारेवर जायचं.

मी तिसरी तार प पर्यंत चढवायला घेतली आणि ती फट्कन तुटून माझ्या मनगटावर बसली. अय्यो म्हणून ओरडले. तुटणारच. ती तार जाड, वरून बारीक तारेनं गुंडाळलेली. तिला एवढं ताणलेलं सोसत नाही. मग अण्णाची कशी तुटली नाही? परत ऐकलं. गुंडाळलेल्या तारेवर बोट सरकलं की एक खरखर येते. त्याच्या प ला ती खरखर नव्हती. स्वच्छ, गुळगुळीत. म्हणजे त्यानं तिसऱ्या तारेच्या जागी दुसरीच जातीची बारीक तार बसवली होती, दुसऱ्या नंबरची, आणि ती सुरात सैल ठेवली होती. मी बराच वेळ तुटलेली तार हातात धरून बसले. बहिणीला कोडं घालायला माणूस खुंट्या पिळतो. तारा बदलत नाही. तारा बदलतो तेव्हा त्याला त्या गिटारीबरोबर राहायचं असतं.

ह्या सगळ्यात पंधरा दिवस गेले होते. शनिवारी जयनगरला गेले, फोर्थ ब्लॉकच्या त्या दुकानात, जिथं आम्ही लहानपणापासून तारा घेतो. आता तिथं जुन्या मालकांचा मुलगा नागराज बसतो. "दोन नंबरच्या दोन?" तो म्हणाला. "अक्का, तुमच्या घरात सगळ्यांची दोन नंबरचीच तुटते काय? दसऱ्याच्या वेळी अण्णापण दोनच घेऊन गेले." मी विचारलं, दसऱ्याला? नक्की? "आयुधपूजेसाठी दुकान सजवत होतो की मी. त्यांना म्हटलं स्वल्प थांबा, प्रसाद घेऊन जा, तर थांबले नाहीत." मी तारा घेऊन बाहेर आले आणि फुटपाथवर फुलवाल्यांच्या गर्दीत उभी राहिले. दसरा आधी, वाढदिवस नंतर. म्हणजे वाढदिवसाला गिटार घरीच होती, अशीच लावलेली. तो मला चिडवत नव्हता. मूडही नव्हता असं नाही. मग काय होतं? ऑटोवाल्याला मी पत्ता दोनदा चुकीचा सांगितला.

घरी आले, दोन्ही तारा चढवल्या, एक तिसरीच्या जागी, एक दुसरीच्या. सा, प, सा, प, ध, सा. इतकं साधं. छातीशी धरून सगळ्या तारा एकदम छेडल्या तर आईचं देवघरच उघडल्यासारखं वाटलं, आणि क्षणभर मी सगळं विसरले. मग चाल वाजवायला घेतली. पहिल्या बोटानं दुसरी पट्टी, मधल्या बोटानं चौथी, बाकी सगळं मोकळ्या तारांवर. सुरेख वाजत होतं. सगळे सूर जागच्या जागी, रेकॉर्डिंगमध्ये होते तसेच रेंगाळणारे. वाजवता वाजवता माझं लक्ष माझ्याच डाव्या हाताकडे गेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वर हवेत उभी होती. लग्नात ज्यांना काहीच काम दिलेलं नाही अशा नातेवाइकांसारखी. दुसरी ओळ वाजवली, तिथंही त्यांना काम नाही. तिसरी. कुठंच नाही. सबंध चालीत ह्या दोन बोटांना बोलावणंच नव्हतं. कुणीतरी बसून, विचार करून, तारा बदलून, अशी गिटार लावली होती की ती दोन बोटं लागूच नयेत. आणि मग मी ओळीच्या शेवटाला आले, आणि मला त्या गुरुवारी कॅबमध्ये काय खटकलं होतं ते कळलं. मुरकी नव्हती. सूर येत होता, थांबत होता, आणि त्याच्यापुढं नुसती शांतता होती, जिथं माझ्या भावाची करंगळी पडायला हवी होती.

वाढदिवसाचा दिवस माझ्यापुढं परत सुरू झाला, पण ह्या वेळी मी दुसरीकडे बघत होते. तो ताट मांडीवर घेऊन बसला होता, बुफे असून. डावा हात सबंध वेळ पँटच्या खिशात. मला तेव्हा वाटलेलं, काय हा रुबाब. वहिनीनं त्याला पाण्याची बाटली उघडून दिली होती, मी मनात म्हटलं होतं, बघा लाड. निघताना मुकुलनं टाळी द्यायला दोन्ही हात पुढं केले तर ह्यानं उजव्यानं खांदा थोपटला. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, साहेबांचा मूड नाही. आणि वर परवा कौतुक करून पाठवलं, करंगळी अजून भलतीच तेज आहे तुझी! त्यानं ते ऐकलं असेल. ऐकून दिवसभर काय केलं असेल? मला माझ्याच जिभेची किळस आली. गिटार बाजूला ठेवली आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, अण्णाच्या डाव्या हाताला काय झालंय?"

पलीकडं नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. "कुणी सांगितलं?" वहिनी म्हणाली.

"कुणी नाही. ऐकू आलं."

"अय्यो देवा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मग तुकड्या तुकड्यानं सांगितलं. कोपराजवळची नस. उन्हाळ्यापासून दोन बोटं बधिर, आता त्यांत जोरच नाही; शर्टाची बटणंसुद्धा नीट लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आहे ते टिकेल, गेलेलं परत येईलच असं नाही. दसऱ्यापासून अपार्टमेंटमधल्या मुलांचा गिटारचा क्लास बंद. मुलांना सांगितलंय, सरांचे गुडघे दुखतात.

"गिटार वाजवायला गुडघे लागतात काय, वहिनी!"

"मी तेच म्हटलं," वहिनी रडता रडता हसली. "पण तू ऐक गे. ह्यांनी किती दिवस बसून ते तारांचं नवीन जमवलंय. रोज मला विचारतात, ऐकू येतं का गे काही कमी? मी म्हणते नाही. मला कुठलं मेलं त्यातलं कळतंय. मग म्हणाले, पवीला पाठवतो. पवीला कळलं नाही तर कुणाच्या बापाला कळणार नाही, मग परत क्लास सुरू करतो, दोन बोटांत वाजवीन. आणि मी विचारलं, कळलं तर? तर म्हणाले, कळलं तर गिटार माळ्यावर." नाक पुसल्याचा आवाज आला. "तू हर की गे एकदा."

रविवारी सकाळी निघाले. गिटार मुद्दाम घरी ठेवली. सुरात लावलेली गिटार बरोबर नेली तर ती दारातच चुगली करेल. मुकुल म्हणाला, "मी येऊ?" मी म्हटलं, नको, तू आलास तर मला ॲक्टिंग जमणार नाही. टॅक्सी हेब्बाळच्या पुलावर नेहमीसारखी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि मी काचेकडं तोंड करून हळूच म्हणून बघितलं, "हरले." विचित्र वाटलं. तोंडात दुसऱ्याचा चमचा घातल्यासारखं. परत म्हटलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. काय हरकत आहे, मी स्वतःला समजावत होते. एक शब्द तर आहे. तो क्लास सुरू करेल, मुलांना मुरकीबिरकी कळत नाही, वर्षभरात त्यालाही सवय होईल. पण मग आयुष्यभर त्याचं वाजवणं ऐकताना ओळीच्या शेवटी मी तोंड सरळ ठेवायचं. त्याच्याशी मी आजवर कानाच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. बाकी सगळ्या बाबतीत बोलले असेन. आणि खरं सांगितलं तर गिटार माळ्यावर. असं कुठं असतं काय! मला अण्णाचा राग आला, नसेचा राग आला, पुढच्या बसचा राग आला. येलहंका येईपर्यंत मी ठरवलं, हरायचं.

अण्णा गॅलरीत उन्हात बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र, डावा हात त्याच्याखाली. मला बघून हसला, मी आल्याचं त्याला खरोखर बरं वाटलं होतं, ते मला दिसलं. "काय गे पवे, वाट चुकलीस?" मी म्हटलं, वाढदिवसाला बोलले ते विसर. तो म्हणाला, काय बोललीस, मला तर आठवतच नाही. वहिनीनं कॉफी आणून ठेवली आणि माझ्याकडं न बघता आत गेली. कुठल्या तरी अपार्टमेंटमध्ये बोअरवेलची गाडी घरघरत होती. अण्णानं कॉफीचा घोट घेतला, उजव्या हातानं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? सापडलं?"

"नाही," मी म्हटलं. "हरले."

अण्णानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिला. मी कुंडीतल्या तुळशीकडं बघितलं, मग परत त्याच्याकडं, आणि त्याचा चेहरा बघून मला कळलं की माझं चुकलंय.

"हरले," तो सावकाश म्हणाला. "आठ वर्षांची होतीस तेव्हा ताप चढला होता तुला त्या पायरीवर, तरी 'अजून नाही, अजून नाही' चाललेलं. चाळीस वर्षं मी पाणी भरलं. आणि आज टॅक्सी करून आलीस हरले म्हणायला." वर्तमानपत्र बाजूला झालं. डावा हात मांडीवर होता, करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली, झोपल्यासारखी. "वीणानं सांगितलं?"

"कुणी सांगितलं नाही. मीच विचारलं, मला कळल्यावर."

"म्हणजे ऐकू येतं."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "येतं," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचं सोडून मी त्याच्यावर खेकसले. "एका जागी येतं. ओळ संपते तिथं. मुरकी नाही. बाकी काही, काही कळलं नाही मला. ऐक आधी, तोंड पाडू नकोस! पंधरा दिवस मी चुकीच्या तारा लावून बसले होते. तुझा तो ध आहे ना, तो मोकळ्या तारेवरचा? मला वाटलं तू करंगळी पाचव्या पट्टीपर्यंत ताणून घेतोस. शपथेवर सांगितलं असतं मी. मनगट दुखवून घेतलं त्यापायी. तुला निरोप पाठवला होता की, करंगळी भलतीच तेज म्हणून."

अण्णा म्हणाला, "तो निरोप... मला वाटलं तुला कळलंय आणि तू टोमणा मारलास."

"टोमणा! खुळा आहेस काय?"

"मग खरंच तसं वाटलं तुला? पाचवी पट्टी?"

"आईशप्पथ."

त्याचे खांदे आधी हलायला लागले, आवाज नंतर आला. अण्णाला मी इतकं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "पाचवी पट्टी," तो परत परत म्हणत होता, "अगं कपसुद्धा धरत नाही ती, आणि पाचवी पट्टी!" वहिनी काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली, हातात पोळीचं पीठ. तो तिला म्हणाला, "ऐकलंस? हिला फसवलं मी. ह्या बयेला." मग डोळे पुसत आत गेला आणि गिटार घेऊन आला.

त्यानं वाजवलं. समोर बसून, हात दिसेल असं, आमच्या नियमाच्या विरुद्ध. दोन बोटं चालत होती, दोन नुसती बरोबर येत होती. बघवत नव्हतं आणि मी बघत होते. ओळ संपली, सूर थांबला, आणि तो जागच्या जागी अडखळला. आता मला ठाऊक असल्यामुळं ते त्यालाही ऐकू आलं असणार. बोटं तारांवरून उठली. माळ्याकडं बघतोय की काय असं मला वाटलं. मी खुर्ची सरकवून त्याच्या डाव्या बाजूला बसले, गिटारीच्या मानेला लागून, आणि माझा उजवा हात पुढं केला.

"कुठल्या तारेवर घेत होतास? पहिल्या?"

"पहिल्या. दुसरी पट्टी. नुसती टपकन्, लगेच उठायचं," तो म्हणाला, आणि मग, "जमेल तुला? उजव्या हाताची आहे ती."

"वाजव की."

त्यानं ओळ धरली. माझी करंगळी त्याच्या बोटांच्या शेजारी तारेवर वाट बघत होती, जन्मात कधी पट्टीवर न ठेवलेली, परीक्षेला बसवल्यासारखी. सूर आला, थांबला, मी बोट टाकलं. आवाज झाला, पण उशिरा, आणि जरा जास्तच जोरात.

"लेट झालीस," अण्णा म्हणाला. "परत."